उसनी कोयती

वरचीवाडी, ता. रत्नागिरी
१८ सप्टेंबर २०२४

चि. तुळसास, लवूचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझे पत्र गणपतीच्या आधीच आले होते. पण मग गणपती आले, आमचा गौरव मुंबईहून आला, घर माणसांनी भरून गेले, आणि त्यात चष्म्याची काडी मोडली. ती दोऱ्याने बांधून आज लिहायला बसलो आहे. फोन करत जा असे तू म्हणतेस, पण माझ्या कानाला आता त्यातून नुसती घरघर येते. पत्रच बरे. पत्राला काय म्हणालीस असे पुन्हा विचारावे लागत नाही.

भाऊबीजेला दाभोळहून चालत येणार हे वाचून मी आधी पाणी प्यायलो. मग पुन्हा वाचले, तरी तेच लिहिले होते. तुळसा, तू सदुसष्टची झालीस. मधे दोन खाड्या आहेत. कुत्री आहेत, रानडुकरे आहेत, दारू पिऊन रस्त्यात बसणारे आहेत. एस्टी काय बंद पडल्या?

आणि पाठीवर एक हलकी पिशवी, त्यात कापायला एकच पाते, ते कुठले घेऊ सांग, असे विचारलेस. एकच का? आपल्या घरात आई गवताला विळा, माडाला कोयता, माशाला सुरी अशी वेगळी हत्यारे ठेवायची. एकाचे काम दुसऱ्याला सांगितले तर दोन्ही बिघडतात.

तरी एकच म्हणतेस तर कोयता घे. मोठा. मी माझा बाबल्याच्या दुकानात काट्यावर ठेवून पाहिला. पाऊण किलोच्या वर गेला. बाबल्या माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "म्हातारी म्हायेराला येते का लडाईला?" दुकानातली सगळी हसली. हसू देत. झाड आडवे पडले असेल तर सुरी घेऊन काय करशील?

एक विचारतो, खरे सांग. माणूस वजन मोजू लागतो तेव्हा त्याला कुठेतरी झेपेनासे झालेले असते. तुझी तब्येत बरी आहे ना? लपवू नकोस.

तुझा दादा,
लवू

*

दाभोळ
२६ सप्टेंबर

ती. दादास तुळसाचा नमस्कार.

तू सांगितलेला कोयता मी घेतला तर उलटंच होईल. कोयता मला घेऊन येणार नाही, मलाच त्याला पाठुंगळी मारून आणावं लागेल.

तब्येत ठणठणीत आहे. वजनाचं खूळ आमच्या सानवीचं. पुण्याला नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की डोंगरात जाते. तिची पिशवी बघशील तर म्हणशील, रिकामीच आहे. अरे, तिने दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापून टाकलाय, वजन नको म्हणून! मी म्हटलं, "मग दात तरी सगळे कशाला नेतेस?" तर म्हणते, "आजी, तुझे निम्मे गेलेत, तू आधीच हलकी आहेस." अशी आहे नात.

तिने मला एक लुगडं, एक चादर, एक तांब्या, आणि औषधाची डबी एवढंच काढून दिलं. म्हणाली, "कापायला एकच. दुसरं घेतलंस तर मी काढून ठेवणार." स्वतःचा घडीचा लाल चाकू देत होती. त्यात कात्री, करवत, बूच काढायचं, काय काय आहे. पण ते पान बाहेर काढायला नख लागतं, आणि माझी नखं भांडी घासून गेली. मी सुरी काढायला जाते आणि बूच काढायचं बाहेर येतं.

मला काय कापायचंय ते सांगते. वाटेत कुणाच्या वेलीवरची मोठी काकडी, तवसं, मिळालं तर ते. दोरी. पायाला बांधायला चिंधी लागली तर ती. हाताला एखादी काठी. झाडं पाडायची नाहीत, दादा, माहेरी यायचंय.

एस्टी का नको विचारलंस. लग्न झालं तेव्हा मला लाँचमधून आणलं. मग एस्टीतून येत-जात राहिले, ती आपली हायवेला हातखंब्यावरून फिरून. माझं माहेर आणि सासर यांच्या मधली जमीन माझ्या पायाला कधी लागलीच नाही. या वर्षी वाटतं, एकदा लागू दे. पुढच्या वर्षी होईल न होईल.

लवकर सांग.
तुळसा

*

वरचीवाडी
२ ऑक्टोबर

चि. तुळसास अनेक आशीर्वाद.

होईल न होईल म्हणजे काय? असे अर्धे लिहून पत्र बंद करू नये. मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

सकाळी उठून घरातली सगळी पाती ओटीवर मांडली. विळा घेऊन पाहिला. त्याचे टोक पिशवीला आतून भोक पाडील. तुम्ही तिकडे विळी म्हणता ती आडाळी बघून माझे मलाच हसू आले, खोबरे खवायच्या दातासकट ती पाठीवर घेतलीस तर कुत्रीसुद्धा रस्ता सोडतील. सुरी बाजारातली, स्टीलची, पहिल्याच काठीला वाकेल. अडकित्ता घेऊ का असे एकदा मनात आले, तो हलका आहे, पण त्याने सुपारीशिवाय काही होत नाही आणि सुपारी तू सोडलीस.

मग शिडी लावून पडवीच्या वाशाकडे पाहिले. तिथे आईची कोयती खोचलेली होती. बाबा बोटीवरून पहिल्यांदा आले तेव्हा लोहाराकडून घडवून घेतलेली. तुला आठवते तेव्हा ती हातभर होती. आई रोज संध्याकाळी दगडावर दोन हात फिरवायची. तिच्यामागे तुझ्या वहिनीने, मथुराने, तेच केले. लग्न होऊन आली तेव्हा आईने तिच्या हाती दिलेली पहिली वस्तू तीच. मथुरा गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. आता तिचे पाते माझ्या करंगळीपेक्षा थोडे मोठे उरले आहे. कणा तेवढा जाड, बाकी पिंपळपानासारखे. गंज होता तो मी राखेने काढला. धार लावायला घेतली तर दोन हातांतच लागली. जुन्या लोखंडाला सांगावे लागत नाही.

बाबल्याच्या काट्यावर नेली. त्याने एका पारड्यात ही ठेवली आणि दुसऱ्यात एक कांदा. कांदा जड भरला.

आता दुसरी काळजी. भाऊबीज तोंडावर आहे. भावाने बहिणीला पाते द्यायचे नसते, नाते कापले जाते. त्यामुळे ही मी तुला देत नाही. उसनी पाठवतो. रघूचा टेम्पो मासळीला दाभोळ बंदरावर येतो, त्याच्यापाशी देतो.

उसन्या पात्याचा आपल्या घरचा नियम तुला आठवतच असेल. देताना कुणाच्याही हाती दिले तरी चालते. परत करताना मात्र ज्याने नेले त्यानेच आणायचे. शेजारची काकी पोराच्या हाती कोयती पाठवायची, तर आई हात लावायची नाही. "ठेव तितंच. नेली तिला येऊ दे." काकी मग चरफडत यायची. तेव्हा ही कोयती तुझ्याच हाताने माझ्या ओटीवर आली पाहिजे. रघू नको, तुझा लेक दर्शन नको, सानवी नको.

पोचल्याचे लिही.
लवू

*

दाभोळ
१३ ऑक्टोबर

ती. दादास नमस्कार.

कोयती मिळाली. रघूने फडक्यात बांधून, वर बर्फाच्या खोक्यात ठेवून आणली. दोन दिवस तिला बांगड्याचा वास येत होता. खंडेनवमीला सानवीच्या त्या लाल चाकूशेजारी मांडून दोघांना हळदकुंकू लावलं. काल सोनं वाटून झाल्यावर उचलली.

मूठ हातात धरली आणि आईच्या अंगठ्याची जागा लागली रे. लाकडात खळगा पडलाय ना, तिथे. त्यात माझा अंगठा बरोबर बसला.

सानवीने जुन्या चपलेच्या पट्ट्याचं म्यान शिवलं. तिने कोयती तिच्या छोट्या काट्यावर ठेवली, आकडा पाहिला आणि पुन्हा ठेवली. मग म्हणाली, "आजी, ही दुकानात मिळायची नाही. हिला हलकी करायला दोन जन्म घासायला लागलेत." मी तवसं कापलं, सुतळी कापली, शेवग्याची फांदी तोडून पाहिली. झालं. एकच पातं, हेच.

वसुबारसेला निघते. पहिल्या दिवशी सानवी बरोबर असेल, धोपाव्याच्या फेरीबोटीपलीकडे थोडी येईल आणि ऑफिस आहे म्हणून परत फिरेल. पुढे माझी मी. ओळखीच्या घरांतून उतरत, दुपारी न चालता, तवसाळच्या तरीने जयगड. भाऊबीजेच्या सकाळी तुझ्या दारापुढच्या खळ्यात.

इथे घरात खोकी येऊन पडलीत. दर्शनला जुनं सामान काढून टाकायचं आहे. कशाला हात लावला की एकेक निघतं, तेव्हा चालायला गेले तर बरंच.

तुझं घर तर कायम भरलेलं. मी आले तर कोपऱ्यात पथारीला जागा ठेव, म्हणजे झालं. तुझ्याकडे इतकी माणसं असतात, त्यात एक म्हातारी काही जड होणार नाही.

तुळसा

*

वरचीवाडी
२० ऑक्टोबर

चि. तुळसास आशीर्वाद.

जागा आहे. जागेची काळजी करू नकोस.

खोकी कसली? जुने सामान काढायला खोकी लागत नाहीत, पोते लागते. नीट लिही.

कुत्रे अंगावर आले तर पळू नकोस, खाली वाकून दगड उचलल्यासारखे कर. फेरीबोटीत कडेला उभी राहू नकोस. पाखाडीच्या पायऱ्यांवर आता पाऊस नाही तरी शेवाळ असते, वरून सुके दिसते आणि पाय ठेवला की सरकते. कोयती पाठीवरच्या पिशवीत ठेवू नकोस, कमरेला ठेव. पडायला झाले तर हात पाठीमागे जात नाही.

घावण्याचे पीठ दळून आणले आहे. ओटी मी स्वतः सारवली, शेण थोडे पातळ झाले. पाट घासला. बाबल्याला सांगितले की बहीण चालत येणार. त्याने सगळ्या वाडीला सांगितले. आता जो येतो तो बोटाने रस्त्याकडे दाखवतो आणि काहीतरी म्हणतो. मी मान हलवतो.

निघायच्या आधी दोन ओळी टाक.
लवू

*

वरचीवाडी
७ नोव्हेंबर

चि. तुळसास आशीर्वाद.

तू आली नाहीस.

भाऊबीजेला मी उजाडायच्या आधी अंघोळ करून खळ्यात बसलो. दुपारी पाट आत नेला, पुन्हा बाहेर आणला. संध्याकाळी रस्त्याच्या वळणापर्यंत गेलो. कोणी हाक मारली तर मला ऐकू येणार नाही, म्हणून दर थोड्या वेळाने मागे वळून पाहत होतो. दुसऱ्या दिवशीही तसेच. घावणे केले होते ते बाबल्याच्या म्हशीला घातले.

परवा रघूचा टेम्पो थांबला. त्याने फडक्यातून कोयती काढून ओटीवर ठेवली आणि बोलू लागला. तो बोलतो भरभर आणि तोंडात तंबाखू. मला "हात" एवढेच कळले. मी म्हटले, "कुणाचा हात? काय झाले?" त्याने आपला उजवा हात गळ्याशी धरून दाखवला, मग डोळे मिटून मान हलवली, म्हणजे काळजी नको असे असेल, किंवा दुसरेच काही असेल. मग हॉर्न वाजवून निघून गेला. बर्फ वितळत होता त्याचा.

तुळसा, तू जिवंत आहेस एवढे कुणाकडून तरी लिहून पाठव.

कोयती मी उचललेली नाही. रघूने ठेवली तिथेच आहे. कोंबड्या जातात म्हणून वर टोपली पालथी घातली आहे. ती तू परत केलीस असे मी धरत नाही.

लवू

*

दाभोळ
१३ नोव्हेंबर

ती. दादास नमस्कार.

हे सानवीचं अक्षर, बोलणं माझं. मी आहे. उजवं मनगट मोडलंय आणि कमरेला मार बसलाय. हाडाचं म्हणायचं तर बाकी धड आहे. तुला आधीच कळवायचं होतं, पण गोळ्यांनी नुसती झोप येत होती आणि सानवी परवा सुट्टी काढून आली. दर्शनने रघूला निरोप सांगितला होता. तुला ऐकू येत नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

तवसाळ जवळ आलं होतं. खाली खाडी दिसत होती. एका वाडीच्या पाखाडीवरून उतरत होते आणि तू लिहिलं होतंस तसंच, वरून सुकं. सकाळची वेळ, माणसं सगळी भाताच्या कापणीला, हाकेला कोणी नाही. पिशवी पाठीवर अडकलेली, पट्टा एका हाताने सुटेना. कोयती कमरेला होती, दादा. डाव्या हाताने काढली. पट्टा कापला, लुगड्याचा पदर फाडला, हात गळ्यात बांधला. मग बसल्या बसल्या सरकत जाऊन कडेची एक काठी तोडली आणि तिच्यावर उभी राहिले. तुझा तो मोठा कोयता मला डाव्या हाताने उचलला तरी असता का?

पुढच्या घरातल्या माणसांनी दर्शनला फोन केला. तो गाडी घेऊन आला. मला मागच्या सीटवर आडवं केलं. घरी आल्यावर म्हणाला, "आता पुरे."

ती खोकी माझीच होती. दर्शनने पुण्याला जागा घेतली आहे. दिवाळीनंतर मला तिकडे न्यायचं हे पावसाळ्यातच ठरलेलं. म्हणून मी चालायला निघाले होते. तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू काळजीने आजारी पडला असतास आणि मला निघूच दिलं नसतंस. महिनाअखेर नेतोय. इथलं घर बंद.

कोयती मीच रघूपाशी द्यायला लावली. पुण्याला बरोबर गेली असती तर कायमची गेली असती. तू उचलली नाहीस हे वाचून मला हसू पण आलं आणि रडू पण. अरे, तो नियम देवाधर्माचा नाही. तू लहानपणी काजूंमागे हिंडायचास, तुला माहीत नाही. बाबा आठ-आठ महिने बोटीवर, घरात बोलायला मोठं माणूस नाही. मी एकदा आईला विचारलं, "पोराच्या हातून घेतली तर काय होतं गो?" तेव्हा ती पीठ मळता मळता म्हणाली, "काय नाय होत. पर मग काकी येत नाय ना बसायला." काकी चरफडत यायची आणि चहा पिऊन दिवेलागणीला जायची, आठवतंय? तो नियम आईनेच काढला होता.

तेव्हा ती टोपली काढ आणि कोयती आत घे. तुझं घर गजबजलेलं, गौरव येऊन-जाऊन. तुला नियमाची गरज नाही.

तुळसा

(आजोबा, आजी हे सांगताना दोनदा थांबली. ते मी लिहिलं नव्हतं म्हणून इथे लिहिते. — सानवी)

*

वरचीवाडी
१८ नोव्हेंबर

चि. तुळसास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आत्ता आले. या खेपेला उशीर करत नाही, पोस्टमनला खळ्यात बसवून लिहितो आहे. त्याला चहा दिला आहे.

तुला मी लिहिले की गणपतीत घर भरले होते. भरले नव्हते. गौरवने या वर्षीपासून गणपती मुंबईलाच बसवला. इथे मी एकट्याने लहान मूर्ती आणली. वाडीतली माणसे आरतीला येऊन गेली. आरती कधी संपली ते मला ऐकू आले नाही, मी टाळ वाजवतच राहिलो. डोळे उघडले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत थांबले होते. तुझ्या पत्राला उत्तर लिहायला चष्म्यामुळे उशीर झाला नाही. काय लिहावे ते सुचत नव्हते. खरे लिहिले तर तू काळजी करशील असे मलाही वाटले. आपण दोघे एकाच आईची.

नियम आईने काढला हे मला माहीत नव्हते. इतकी वर्षे मी तो देवाचा समजून पाळला. आता कळले तरी टोपली मी काढलेली नाही. आईने काढला म्हणजे तर तो मोडताच येणार नाही. कोयती तू नेलीस, तूच परत करायचीस, आणि परत करताना बसायचेस.

तुला येता येत नाही हे मला समजते. म्हणून असे ठरवले आहे. मी कोयतीला हात लावणार नाही. बाबल्या ती फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकील. मी ती दाभोळला आणतो. तू पलंगावर उठून बस, डाव्या हाताने ती माझ्यासमोर ठेव, मग मी उचलतो. म्हणजे ती तुझ्याच हातून परत आली. त्यानंतर मी दिवेलागणीपर्यंत बसेन.

हातखंब्याच्या पलीकडे मी मथुरा आजारी होती तेव्हापासून गेलेलो नाही. कंडक्टर काय म्हणतो ते कळणार नाही. फेरीबोटीत तर खांब धरूनच बसावे लागेल. पण पिशवी भरून पाहिली. एक धोतर, एक टॉवेल, घावण्याचे पीठ. ब्रश मी वापरतच नाही. उचलली तर हलकी लागली. दुसरे पाते घेतलेले नाही.

भाऊबीज राहिली आहे ती तिथेच उरकू. डाव्या हाताने ओवाळले तर चालते का, ते सानवीने कुणा जाणत्याला विचारून ठेवावे.

फक्त दर्शन तुला कुठल्या तारखेला नेणार ते कळले पाहिजे. मी यायचो आणि दाराला कुलूप असायचे असे होऊ नये. बंद दारासमोर मला हाक मारता येईल, पण आतून कोणी ओ दिली तर ऐकू येणार नाही. पोस्टाला वेळ लागत असेल तर रघूच्या टेम्पोवर चिठ्ठी दे. त्याला सांग, बोलू नकोस, नुसती हातात दे. एकच ओळ पुरे. पण लवकर पाठव गो, मी भरलेली पिशवी अजून सोडलेली नाही.

तुझा दादा,
लवू